सरमिसळीची बाटली

सुनेचा उजवा हात सुजला त्या सोमवारपासून माझं बूड कुठे टेकलं नाही. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, तिच्या खोलीबाहेर, भिंतीला बोल्टने आवळलेल्या चार निळ्या खुर्च्या होत्या. एकीत माझा लेक बसला होता, तीन रिकाम्या होत्या. मी जिन्यापासून खिडकीपर्यंत जात होते आणि परत येत होते. एकोणतीस पावलं जायला, एकोणतीस यायला.

"आई, बस ना गं," लेक म्हणाला. "फरशी झिजेल."

"झिजू दे. तुझ्या बापाची आहे का?"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्याने नुसता चेहरा चोळला.

खोलीच्या दाराला काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून पलंगाचा कठडा दिसायचा, सलाईनची नळी दिसायची आणि उशीवर ठेवलेला हात दिसायचा. हात कसला, फुगवलेला रबरी हातमोजा. मनगटाच्या वर नर्सने पेनाने एक रेघ ओढली होती. लाली या रेघेच्या पुढे गेली तर लगेच हाक मारा, असं ती सांगून गेली होती. मंगळवारी सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं पुढे होती. नर्सने दुसरी रेघ ओढली. दुपारच्या आत लाली तिलाही जाऊन भिडली.

त्या हाताबद्दल थोडं सांगायला हवं.

आम्ही दोघी सासू-सुना डुकरांच्या फार्मवर कामाला आहोत. मी एकतीस वर्षं, ती नऊ. आमच्याकडे माद्या वितात ती शेड. तिला सगळे बाळंतिणींची शेड म्हणतात. एकेका मादीला बारा-चौदा पिल्लं होतात आणि त्यातलं एखादं आडवं अडकतं. मग आत हात घालून ते सरळ करावं लागतं. माझा पंजा फावड्यासारखा, तो जात नाही. मुकादमाचा तर विचारच नको. सुनेचा हात दहा वर्षांच्या मुलीएवढा, बोटं टोकाशी निमुळती. म्हणून फार्मवर तिचं नाव पडलं चिमटी. मादी अडली की दुसऱ्या शेडमधूनही हाक यायची, "चिमटीला धाडा रे." ती कोपरापर्यंत साबण चोळायची, डोळे मिटायची आणि बोटांनी बघायची. "पाय लागला. थांबा, पाय कुठला, हे तर नाक," असं पुटपुटायची. थोड्या वेळाने एक ओलं, निळसर पिल्लू बाहेर यायचं, आणि ती त्याला झटकून म्हणायची, "आलात? किती वाट बघायची?"

मला अक्षरं शिकवली तीही त्याच हाताने. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते आणि पगाराच्या कागदावर अंगठा उठवत होते. तिला ते बघवलं नाही. पण तिने शाळेचं पुस्तक आणलं नाही. म्हणाली, "कमळ आणि गवताची काडी वाचून तुम्हाला काय करायचंय, आई? रोज डोळ्यांसमोर असतं ते वाचा." रोज डोळ्यांसमोर असायच्या त्या औषधांच्या बाटल्या. रिकाम्या बाटल्या ती कोमट पाण्यात भिजत घालायची, वरच्या चिठ्ठ्या अलगद सोडवायची, वाळवायची आणि एका वहीत चिकटवायची. एका पानावर एक चिठ्ठी. खाली मी तेच नाव गिरवायचं. सुरुवातीला माझ्या ओळी दारू प्यायल्यासारख्या चालायच्या. सहा महिन्यांत त्या सरळ झाल्या. वही भरली. मग मी वर्तमानपत्र धरलं आणि वही कपाटात गेली.

हाताला लागलं ते आदल्या गुरुवारी. पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांना सुईसारखे दात असतात. ती आईच्या आचळांना चावे घेतात, म्हणून पहिल्याच दिवशी त्या दातांची टोकं कापतात. एका पिल्लाने मान हिसडली आणि त्याचा दात हातमोजा फाडून सुनेच्या पहिल्या बोटाच्या मधल्या पेरात घुसला. एवढीशी जखम, तांदळाच्या दाण्याएवढी. फार्मचा नियम असा की जखम झाली तर कार्यालयात सांगायचं आणि खपली धरेपर्यंत शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. पण दोन माद्या कोणत्याही क्षणी विणार होत्या. सुनेने नळाखाली बोट धरलं आणि म्हणाली, "काही नाही हो, दातच तर आहे." मी फळीवरून सरमिसळीची बाटली काढली.

ही सरमिसळ माझी. म्हणजे ती सुरू केली मी.

जनावरांचा डॉक्टर औषधं देतो त्यांचा नियम आहे, की बाटली उघडल्यावर चार आठवड्यांनी उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक बाटलीच्या तळाशी बोटभर औषध उरायचंच. ते ओतून देणं मला जमायचं नाही. मी कामाला लागले त्या पहिल्या वर्षी औषध वेळेवर आलं नाही आणि चार दिवसांत आमची शेड रिकामी झाली होती. पिल्लं बादल्यांतून बाहेर नेली होती. मी त्या बादल्या उचलल्या आहेत. तेव्हापासून तळाशी उरलेला थेंबही मी फेकला नाही. एका तपकिरी काचेच्या बाटलीत ओतत गेले. टोचायचं असो, पाजायचं असो, पिवळं असो की पांढरं, सगळं एकाच पोटात. एखादं पिल्लू मलूल दिसलं की बाटली हलवायची आणि त्याच्या जिभेखाली दोन थेंब सोडायचे. उभं राहिलं की थांबवायचं, उगाच जास्त कशाला? त्यातली बरीच उभी राहायची. नवा माणूस कामाला आला की त्याला आधी दोनच गोष्टी दाखवत: गमबूट कुठे आहेत आणि सरमिसळ कुठे आहे. डॉक्टर यायचा त्या दिवशी मी ती खराट्याच्या मागे ठेवायची. तेवढं मला कळत होतं.

त्या गुरुवारी मी सुनेच्या जखमेवर सरमिसळीचे चार थेंब टाकले. ते झोंबलं. तिने "स्स" केलं. मी तिचा हात तोंडाशी धरला आणि फुंकर घातली, घरी नातीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालते तशी.

"झालं का लगेच बरं?" मी विचारलं.

"तुमच्या फुंकरीने तर मेलेलं उठेल," ती म्हणाली आणि मादीकडे वळली.

सोमवारी ती तापाने फणफणत इस्पितळात गेली. तिथली डॉक्टर तरुण होती. जाड चष्मा, केस पेनाने वर खोचलेले. तिने लेकाला विचारलं, "या काय काम करतात?"

"शेतीचं," लेक म्हणाला.

आमच्या घरात सगळे असंच सांगतात. डुकरं म्हटलं की माणसं नाकाला हात लावतात, बसमध्ये सरकून बसतात. त्यापेक्षा शेती बरी. इतकी वर्षं सांगून ते आता खोटं वाटतही नाही.

"जखमेला काही लावलं होतं?"

"नाही हो. पाण्याने धुतली फक्त."

त्याला खरंच माहीत नव्हतं. सुनेने उशीवरून माझ्याकडे बघितलं. तापाने तिचे डोळे तांबारले होते, पण बघणं शुद्धीतलं होतं. ती काही बोलली नाही. माझ्यावर सोडलं होतं तिने. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "नातीला भेटायला आणलं तर चालेल का?"

डॉक्टर म्हणाली, "आत्ता नको." आणि निघून गेली.

मंगळवारी संध्याकाळी तीच डॉक्टर बाहेर आली तेव्हा मी खिडकीकडून जिन्याकडे निघाले होते. तिने मला हाताने थांबवलं. म्हणाली, "आजी, नेहमीचं अँटिबायोटिक लागू पडत नाहीये. पू तपासायला दिला आहे, पण जंतू वाढवून बघायला दोन दिवस लागतात. तेवढे आपल्याकडे नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत याची वाट बघते, मग दुसरं औषध सुरू करते. त्यानेही उतार पडला नाही तर सर्जन बोट काढतील. लाली कोपराच्या वर गेली तर नुसत्या बोटावर भागणार नाही."

लेकाने विचारलं, "म्हणजे हात?"

"हात वाचवायचा प्रयत्न आहे," ती म्हणाली. "पण मला त्यांचा जीवही वाचवायचा आहे."

घरी येऊन मी नातीला जेवू घातलं. भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली. नात म्हणाली, "आजी, तू सारखी उभी का आहेस?" मी म्हटलं, "गुडघे धरलेत गं." गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

बुधवारी उजाडताच मी शेडवर गेले. माद्यांना इस्पितळ कळत नाही, त्यांना सहा वाजता खाद्य लागतं. मुकादम आधीच आला होता. त्याचं नाव शिट्टी, कारण काम चालू असलं की त्याचे ओठ वाजतच असतात. शिट्टी थांबली की समजायचं, काहीतरी बिघडलं.

"मावशी, चिमटी कधी येतेय? सात नंबरची अडून बसलीय."

"तिचा हात राहतोय का ते बघ आधी," मी म्हटलं.

शिट्टी थांबली.

मी चार नंबरच्या खणात उतरले. तिथली पिल्लं आठवडाभर धड नव्हती. त्यातली तीन कुशीवर पडून होती, बाकीची त्यांच्या अंगावरून चढून आचळाकडे जात होती. जनावरांच्या डॉक्टरने दिलेली इंजेक्शनं तीन दिवस टोचून झाली होती. वरून सरमिसळ चालूच होती. सवयीने माझा हात फळीकडे गेला. बाटली हलवली, पहिल्या पिल्लाला उचललं आणि जिभेखाली दोन थेंब सोडले. ते लुळंच पडून राहिलं. त्याचा पुढचा पाय माझ्या तळहातावर होता. गुडघा सुपारीएवढा फुगलेला. वरची कातडी ताणून चकाकत होती आणि लाली खुरापासून वर चढत होती.

ती चकाकी मी दोन दिवस दाराच्या काचेतून बघत होते.

मी पिल्लू खाली ठेवलं. बाटली खाली ठेवता येईना. खणातून बाहेर आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले.

"काय झालं?" शिट्टीने विचारलं.

"मी इस्पितळात जाऊन सांगते. सरमिसळीचं. तिच्या जखमेवर मी हे टाकलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दार लावून घेतलं, जणू माद्याच ऐकत होत्या.

"काय सांगणार? डुकरांची उष्टी औषधं सुनेला चोपडली म्हणून?"

"हो. तेच."

"मावशी, शुक्रवारी विक्रीच्या डुकरांची गाडी भरायचीय. इस्पितळाने एक फोन केला की पांढरे झगे घातलेली माणसं येतील आणि दाराला पट्टी लावतील. मालक आधी तुला घरी बसवेल, मग मला. तू म्हातारी, तुला चालेल. मला दुसरं काय येतं? शिट्टी वाजवायला कोण कामावर ठेवणार?"

"लग्नात वाजव."

"थट्टा नको. दोन दिवस थांब. गाडी जाऊ दे, मग सांग. मी स्वतः येतो तुझ्याबरोबर."

"लाली थांबेल का दोन दिवस?"

त्याने हात पुढे केला. "बाटली दे इकडे. ओतून टाकतो गटारात. राहिली नाही म्हणजे नव्हतीच."

मी बाटली छातीशी धरली. एकतीस वर्षांत मी त्याच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हटलं, "पिल्लू अडलं की तू कुणाला हाक मारतोस?"

सात नंबरची मादी पाय झाडत होती, तिकडे तो बघत राहिला. मग खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. "नीट गुंडाळून तरी ने. बसमध्ये सांडशील. लोक आधीच आपल्यापासून लांब बसतात."

घरी जाऊन मी कपाटातून वही काढली. बसमध्ये जागा होती तरी उभी राहिले. मांडीवर बाटली घेऊन बसायची हिंमत नव्हती. माझ्या मनात सारखं एकच चाललं होतं: लाली कोपराशी पोचली असेल का? थांबा येण्याआधीच मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि वाहकाची बोलणी खाल्ली.

डॉक्टर मला जिन्यातच भेटली. हातात चहाचा कागदी पेला होता.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आम्ही तुम्हाला धड सांगितलं नाही. सून शेती करत नाही. आम्ही डुकरांकडे असतो. आणि जखमेवर मी हे टाकलं होतं."

तिने पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पिशवी उघडून आत बघितलं, पण बाटलीला हात लावला नाही. "काय आहे यात?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

मी वही पुढे केली. तिने पहिलं पान उलटलं. वर चिठ्ठी, खाली माझी वाकडी अक्षरं. दुसरं पान. तिसरं. तिथे मला लाज वाटली ती सरमिसळीची होती की अक्षरांची, ते अजून कळलेलं नाही. ती भराभर पानं उलटत होती आणि मध्येच एका पानावर थांबली. चिठ्ठी हिरवी होती.

"हे कधीपर्यंत वापरत होतात?"

"अजून वापरतो. पिल्लांचं दूध तोडलं की आठवडाभर पाण्यातून देतात. सगळ्यांना, आजारी असो नसो."

"किती वर्षं?"

"सून यायच्या आधीपासून."

तिने त्या चिठ्ठीवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "आज संध्याकाळी मी जे औषध सुरू करणार होते ना, ते याचंच सख्खं भावंड आहे. नाव वेगळं, घर एकच. हे ज्या जंतूंना मारू शकत नाही त्यांना तेही मारणार नाही. माझा एक दिवस गेला असता, आजी."

"आणि सोमवारी सांगितलं असतं तर?"

तिने चष्मा काढून डोळे पुसले. "ते आता विचारू नका."

ती वही घेऊनच धावली. चहा कट्ट्यावर तसाच राहिला. दहा मिनिटांनी फोनवर बोलत परत आली आणि मला हाताने बस म्हणून खुणावलं. मी बसले नाही. फोन ठेवल्यावर तिने मला समजावलं, कारण मी विचारलं. म्हटलं, "आमची पिल्लं तर दोन थेंबांनी उठून बसायची. मग यात वाईट काय होतं?"

"दोन थेंबांनी अशक्त जंतू मरतात," ती म्हणाली. "चिवट असतात ते उरतात. पुढची पिलावळ त्यांची. तिला पुन्हा दोन थेंब. पुन्हा चिवटातले चिवट उरतात. तुमच्या बाटलीत तर दहा औषधं होती, म्हणजे दहाही औषधांची सवय. आणि पाण्यातून सगळ्या कळपाला औषध देणं, तेही तसंच. तुम्ही एकट्या नाही यात."

तिने मला सोडवायला ते शेवटचं वाक्य म्हटलं असेल. पण मला त्याच्या आधीचंच पुरलं होतं. माद्यांची निवड मीच करते. कुठली ठेवायची, कुठली काढायची, ते मालक मला विचारतो. जी थंडीत टिकली, जिची पिल्लं जगली, तिलाच पुढे ठेवायचं. एकतीस वर्षं हेच काम मी डोळ्यांनी करत होते, आणि दुसऱ्या हाताने, बाटली हलवून हलवून, न दिसणाऱ्यांची निवड करत होते. तिथेही मी चांगलं काम केलं होतं.

संध्याकाळी सहाला वहीत नसलेलं, वेगळ्याच घरचं औषध सुरू झालं. ते क्वचितच काढतात, त्याने मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, असं सांगून लेकाची सही घेतली. त्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठला. मला वाटलं, निघून जाईल. तो जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. मग माझ्याबरोबर चालायला लागला. आम्ही दोघं किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. तो एकच वाक्य बोलला, "तिने सांगितलं नाही गं तुझं नाव." ते मला मारल्यासारखं लागलं.

गुरुवारी सर्जनने बोट उघडलं. आतलं हाड सडलं होतं. पहिल्या बोटाची दोन पेरं गेली. तळवा राहिला, अंगठा राहिला, बाकीची बोटं राहिली. लाली तिसऱ्या रेघेशी थांबली होती, कोपराच्या चार बोटं अलीकडे. शुक्रवारी सकाळी ती रेघेवरून मागे सरली होती. मी काचेला नाक लावून बघत होते, तर नर्स म्हणाली, "आजी, काच पुसते मी रोज. तुमचंच नाक असतं वाटतं ते."

त्याच दिवशी तपासणीचा कागद आला. हिरव्या चिठ्ठीचं औषध, त्याचं भावंड, पहिलं औषध, सगळ्यांपुढे फुली होती. चालणारी दोनच होती. त्यातलं एक तिच्या नळीतून जात होतं.

फार्मवर गाडी भरली गेली नाही. पांढरे झगे आले. शिट्टीने त्यांना स्वतःहून फळी दाखवली आणि म्हणाला, "इथे असायची." मला घरी बसायला सांगितलं ते मालकाने नाही, त्या लोकांनी. सगळ्यांना सांगितलं. बाटली इस्पितळाने ठेवून घेतली. मी नर्सला म्हटलं होतं, "ओतून टाका." ती म्हणाली, "कुठे ओतू? मोरीत ओतलं तर मोरीतल्या जंतूंना शाळा." मग ती पिवळ्या डब्यात घातली आणि डबा चिकटपट्टीने बंद केला. इतकी वर्षं मी त्यातला थेंब वाया जाऊ दिला नव्हता, आणि आता तो थेंब टाकायला कुठे जागा नव्हती.

मग त्यांनी कापसाच्या काड्या आणल्या आणि आमच्या सगळ्यांच्या नाकात फिरवल्या. लेकाच्या नाकात काही निघालं नाही. नातीच्याही नाही. शिट्टीच्या निघालं. आणि माझ्या.

"म्हणजे मी आजारी आहे?" मी डॉक्टरला विचारलं.

"नाही. ते जंतू तुमच्या नाकात नुसते राहतात. तुम्हाला काही करत नाहीत. पण कुणाच्या उघड्या जखमेशी आलात तर..."

"मी फुंकर घातली होती," मी म्हटलं.

डॉक्टरने वर बघितलं.

"थेंब टाकल्यावर. झोंबलं म्हणून. हात तोंडाशी धरून."

ती हळू बोलली. "कशाने झालं ते कुणीच सांगू शकणार नाही, आजी. पिल्लाच्या दातावर तेच जंतू असणार. हातमोज्यावरही असणार."

"पण फुंकरीतही असतील."

"असू शकतील," ती म्हणाली. मला तिचं हे आवडलं. मन राखायला ती खोटं बोलली नाही.

मला नाकात लावायला मलम दिलं. रोज अंग धुवायचं औषध दिलं. वेगळा टॉवेल, वेगळी उशी, पुन्हा काडी फिरवून स्वच्छ ठरेपर्यंत सुनेच्या जखमेपासून लांब. म्हणून ती घरी आली त्या दुपारी मी तोंडावर मास्क बांधून दाराच्या चौकटीत उभी होते, हात पाठीमागे. ती पलंगावर बसली. खूप वाळली होती. उजव्या हाताचं गाठोडं मांडीवर होतं.

"आई, वही कुठाय?" हे पहिलं विचारलं तिने.

"इस्पितळाने ठेवून घेतली. कुठेतरी पाठवायचीय म्हणतात."

"तुमची ती वाकडी अक्षरं आता साहेब लोक बघणार." तिने डाव्या हाताने पदर सावरला. "नवी वही आणा. पेन धरायचं मलाही आता पहिल्यापासून गिरवावं लागणार. तुम्ही शिकवा."

"मी? मला कुठे येतं शिकवायला?"

"मला तरी कुठे येत होतं?"

मला बोलायचं होतं. थेंबांचं आधी कबूल करून झालं होतं, फुंकरीचं राहिलं होतं. शब्द तोंडाशी आले आणि मास्कमध्येच अडकले. तेवढ्यात लेक वाटी आणि नवी पट्टी घेऊन आला. रोजची मलमपट्टी आता त्याच्याकडे होती. त्याने जुनी पट्टी पाणी लावून लावून सोडवली. शेवटचा पदर जखमेला चिकटला होता. तो ओढला तसं तिने "स्स" केलं.

माझे ओठ आपोआप गोल झाले. मास्क आत ओढला गेला. तिने ते बघितलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय मला," ती म्हणाली. "फुंकरीचं."

लेक मान खाली घालून पट्टी गुंडाळत राहिला. मग ती म्हणाली, "घाला तिथूनच, आई. तोंड तिकडे करून घाला. मला कळेल."

मी तोंड फिरवलं, पण श्वास सोडवेना. तो छातीत धरूनच मी खिडकीकडे गेले. दारापासून खिडकीपर्यंत आमच्या घरात अकरा पावलं होतात. मी ती चालले, आणि परत आले, आणि पुन्हा निघाले.